बाबांनाच शंका आली आहे

पत्र असं आहे (थोडं कापून देते आहे):

"प्रिय ताई, माझं वय ४१. एकोणिसाव्या वर्षी मी चर्चला जाणं सोडलं. सोडताना भांडण झालं नाही, पण नंतरची वीस वर्षं आम्ही भरपूर भांडलो. माझे बाबा चाळीस वर्षं रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचन करत आले. येशू मेलेल्यांतून उठला ही त्यांच्यासाठी सकाळ होण्याइतकी साधी गोष्ट. मी तत्त्वज्ञ ह्यूम वाचला, येशूची हकीकत सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांतल्या विसंगती कागदावर उतरवून त्यांच्यापुढे ठेवल्या. ते कागद बघून म्हणाले, 'अक्षर छान आहे.'

आता त्यांना कॅन्सर आहे. डॉक्टर महिन्यांची भाषा बोलतात. तीन आठवड्यांपूर्वी रात्री दोनला त्यांनी हाक मारली. पाणी हवं असेल म्हणून मी गेले. म्हणाले, 'तुझंच खरं असलं तर गं?' मग जरा वेळानं, 'म्हणजे तुझी आई काही भेटायची नाही मला.' मी म्हटलं, 'बाबा, झोपा आता.' तेव्हापासून दर दोन-तीन रात्रींनी हेच चाललंय. पाळकांना सांगायचं नाही, अशी ताकीद आहे. भाऊ म्हणतो, 'भेटेल म्हणून सांगून टाक, तुझं काय जातंय?' मी वाद जिंकले आणि आता मला त्या जिंकण्याची शिसारी येते. खोटं बोलले तर त्यांना लगेच कळेल. खरं बोलायची हिंमत नाही. शिवाय त्यांची इच्छा आहे की त्यांच्या अंत्यविधीला बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय मीच वाचावा. विश्वास नसताना मी तो वाचू शकते का? एक मुलगी."

तुम्हाला थोडक्यात उत्तर आधीच कळवलं होतं, कारण सदर छापून येईपर्यंत तुमच्या कितीतरी रात्री उलटल्या असत्या. आता सविस्तर लिहिते.

बाबांनी पुन्हा विचारलं तर "हो, भेटेल" म्हणू नका. "नाही" तर म्हणूच नका. म्हणा, "बाबा, मला माहीत नाही. पण तुमच्या मनात काय चाललंय ते सांगा, मी बसलेय." आणि खरंच बसा. दिवा लावा, खुर्ची पलंगाजवळ ओढा. "झोपा आता" हे रात्री दोनला कुणाच्याही तोंडून निघालं असतं, ते मनाला लावून घेऊ नका. फक्त ते पुन्हा म्हणू नका.

भावाचं चूक आहे असं मी म्हणणार नाही, त्याला बाबांचं दुःख बघवत नाहीये. पण "तुझं काय जातंय" याचं उत्तर आहे. बाबांनी भावाला विचारलं असतं तर "हो" मिळालं असतं. पाळकांना विचारलं असतं तर वचनांसकट मिळालं असतं. त्यांनी ज्या एका माणसाकडून फुकटचा "हो" मिळणार नाही हे पक्कं माहीत आहे, त्याच माणसाला हाक मारली. तुम्ही आता "हो" म्हटलंत तर त्यांना दिलासा मिळायचा नाही. त्यांना एवढंच कळेल की आपली तब्येत इतकी बिघडलीय की आता हीसुद्धा आपल्याशी खोटं बोलते.

तुम्ही म्हणाल, पण "माहीत नाही" हे तरी खरं कुठे आहे? मला तर माहीत आहे, मेलेली माणसं उठत नाहीत. इथे मला जरा खोलात जावं लागेल. कारण "माहीत नाही" हे जर तुम्ही नुसतं सौम्य खोटं म्हणून बोलणार असाल, तर ते भावाच्या "हो"पेक्षा फारसं वेगळं नाही.

ह्यूमपासून सुरू करू, कारण तुम्ही त्याला घरात आणलाय. १७४८ साली त्यानं चमत्कारांवर जे लिहिलं त्याचा गाभा असा: साक्ष खोटी ठरणं हे त्या चमत्कारापेक्षाही अधिक अघटित असेल, तरच ती साक्ष मानावी. मुद्दा बिनतोड आहे, रोजच्या व्यवहारात आपण सगळे तसेच वागतो. पण त्यातून काय निघतं ते नीट बघा. "मानायला पुरेसं कारण नाही" एवढं निघतं. "घडलंच नाही" हे त्यातून निघत नाही. वीस वर्षं जेवणाच्या टेबलावर तुम्ही पहिलं सिद्ध केलंत आणि दुसरं सिद्ध केल्यासारखं उठून गेलात. रागावू नका, वादात सगळ्यांचंच असं होतं.

आता साक्षीकडे येऊ. तुम्ही कागदावर उतरवलेल्या विसंगती खऱ्या आहेत. कबरेपाशी कोण कोण गेलं हे चौघं चार तऱ्हांनी सांगतात. तिथे एक तरुण होता, की देवदूत, की दोन पुरुष, की दोन देवदूत, यावर एकमत नाही. दर्शन गालीलात झालं की यरुशलेमेत, यावरही नाही. या सगळ्याची ओढून-ताणून मोट बांधणारी पुस्तकं मी वाचली आहेत, आणि ती वाचून माझा विश्वास दर वेळी थोडा कमीच झाला. पण विसंगतींवरून "ही नंतरच्या शतकांत वाढत गेलेली दंतकथा" असा निष्कर्ष काढणं मात्र टिकत नाही. ज्या अध्यायाचं वाचन बाबांनी तुमच्यावर सोपवलंय, तोच त्याच्या आड येतो. पौल या प्रेषितानं ते पत्र साधारण इसवी सन ५३ ते ५५ च्या दरम्यान लिहिलं. म्हणजे येशूच्या मरणाला पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती. त्यात तो म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुमच्या हवाली केलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्र या शिष्याला) दिसला, मग बारा शिष्यांना. हे पाठांतरासारखं सूत्र पौलाच्याही आधीचं आहे, आणि पुनरुत्थान न मानणारे बरेच अभ्यासकही ते पहिल्या काही वर्षांतलंच धरतात. दंतकथेला मुरायला वेळ लागतो म्हणतात. इथे तो मिळालेला दिसत नाही.

त्याच यादीत पाचशेहून अधिक जणांना एकाच वेळी दिसल्याचाही उल्लेख आहे. व्यासपीठावरून त्याच्यावर फार भर दिला जातो. मला तो दुबळा वाटतो. पाचशेपैकी एकाचंही नाव नाही, जागा नाही, दुसरीकडे कुठे दुजोरा नाही. त्यापेक्षा यादीतली दोन नावं मला जास्त विचारात पाडतात, याकोब आणि स्वतः पौल. याकोब येशूचा भाऊ. येशूच्या हयातीत त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असं योहानाच्या शुभवर्तमानातच आहे. पौल तर ख्रिस्ती मंडळीचा छळ करत हिंडत होता. दोघांनाही "आमचा माणूस गेला" म्हणून हंबरडा फोडण्याचं कारण नव्हतं, निदान पौलाला तर मुळीच नव्हतं.

शोकातल्या भासांचा मुद्दाही तुम्ही मांडला असणार. तो बळकट आहे. १९७१ साली डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी वेल्समधल्या २२७ विधवा आणि ६६ विधुरांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचा काही ना काही अनुभव आला होता. कुणाला चाहूल, कुणाला आवाज, काहींना चक्क दर्शन. आणि ही वेडी माणसं नव्हती. माझे यजमान गेले त्यानंतर महिनाभरानं संध्याकाळी मी दाराच्या कुलपात त्यांची किल्ली फिरल्याचा आवाज ऐकला. स्पष्ट ऐकला. उठून दारापर्यंत गेले. म्हणून हा मुद्दा कुणी मांडला की मी हसत नाही.

पण एक सांगते. त्या आवाजानंतर मी कुणाला "ते उठले" असं सांगितलं नाही. सांगावंसं वाटलंही नाही. उलट ते आता नाहीत हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा पुरतं कळलं. मेलेला माणूस दिसणं ही गोष्ट त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होती, त्यासाठी त्यांच्याकडे शब्द होते. "उठवला गेला" हा त्यांतला शब्द नव्हे. त्या काळच्या ज्या यहूदी लोकांचा पुनरुत्थानावर विश्वास होता, त्यांच्या लेखी ते जगाच्या शेवटी व्हायचं होतं, सगळ्यांचं एकदम. मधेच एकट्याचं, तेही क्रूसावर मारलेल्याचं, ही कुणाचीच अपेक्षा नव्हती. मग भास झालाच असेल तर त्याला त्यांनी नेमकं हेच नाव का दिलं? याची उत्तरं सुचवली गेली आहेत, काही हुशारीची आहेत. माझं समाधान करणारं मला अजून सापडलेलं नाही.

पिन्हास लापिडे नावाचे एक सनातनी यहूदी विद्वान होते. त्यांनी १९७० च्या दशकात असं मत मांडलं की येशूचं पुनरुत्थान ही खरोखर घडलेली घटना असावी. आणि ते शेवटपर्यंत यहूदीच राहिले, ख्रिस्ती झाले नाहीत. उलट बाजूला असे ख्रिस्ती धर्मपंडित आहेत जे रिकामी कबर मानत नाहीत आणि तरी दर रविवारी उपासना चालवतात. माणसं तुमच्या टेबलाच्या दोनच बाजूंना बसलेली नाहीत.

तेव्हा इतिहास आपल्याला कुठपर्यंत नेतो? त्या लोकांना काहीतरी दिसलं अशी त्यांची खात्री होती, आणि ती खात्री फार लवकर, फार पक्की झाली, इथपर्यंत. त्यांनी काय पाहिलं, तिथे इतिहास हात टेकतो. त्यापुढे जो तो आपल्याजवळच्या शिदोरीवर चालतो. जगात असं घडू शकतं असं ज्याला मुळातच वाटतं तो एकीकडे जातो, ज्याला वाटत नाही तो दुसरीकडे. माझं म्हणाल तर मी उपासनेला जाते, मतांगीकार, म्हणजे विश्वासाची सामूहिक कबुली, म्हणते, आणि "देहाचे पुनरुत्थान" या शब्दांपाशी काही रविवारी माझा आवाज आपोआप खाली जातो. काही रविवारी जात नाही. यापेक्षा मोठी खात्री देणारा सल्लागार हवा असेल तर तुम्ही चुकीच्या दारावर आला आहात.

म्हणून म्हणते, "मला माहीत नाही" हे तुम्ही प्रामाणिकपणे म्हणू शकता. "मला वाटत नाही, पण मला माहीत नाही" असं म्हणालात तर ते आणखी खरं होईल.

आता तुमच्या अपराधाच्या भावनेबद्दल. तुमच्या युक्तिवादांनी बाबांचा विश्वास ढासळला, हे तुम्ही डोक्यातून काढून टाका. ते युक्तिवाद तुमचे नाहीतच. दुसऱ्या शतकात, साधारण १७८ च्या सुमाराला, केल्सस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञानं हेच सगळं लिहून ठेवलं: पाहिलं कुणी, तर एका भ्रमिष्ट बाईनं, आणि तसल्याच आणखी कुणी. तुमच्यापेक्षा फार जहरी लिहायचा तो. गंमत अशी की त्याचं पुस्तक नाहीसं झालं. पुढे सत्तरेक वर्षांनी ओरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडितानं त्याचं खंडन लिहिताना त्याचे परिच्छेदच्या परिच्छेद उतरवून घेतले, म्हणून केल्सस आज आपल्याला वाचता येतो. विरोधकाचं म्हणणं जपलं ते उत्तर देणाऱ्यानं. तुमच्या घरातही तेच झालं आहे. वीस वर्षं बाबा तुमचं म्हणणं मनात साठवत आले, ते त्यांनी खोडलं पण टाकून दिलं नाही. आज रात्री दोनला ते त्यांच्या तोंडून बाहेर येतंय, कारण तुमच्या शब्दांखेरीज शंकेसाठी त्यांच्याकडे दुसरे शब्दच नाहीत. त्यांच्या जगात शंका तुमच्या आवाजात बोलते. याचा अर्थ ती तुम्ही पेरली असा होत नाही.

आणि ही शंका मुळात तुमच्या वादाची नाहीच. तुम्ही वाद घालत होतात तो "त्या रविवारी काय झालं" यावर. बाबा विचारतायत ते "माझं आणि तिचं काय होणार". पहिल्या प्रश्नाची तुमची सगळी टिपणं दुसऱ्याला लागू पडत नाहीत. त्यांची सगळी वचनंही कदाचित आता पडत नसतील, आणि तेच त्यांना घाबरवत असेल.

इथे एक गोष्ट त्यांना विचारून बघा, हळूच. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात सदूकी, म्हणजे पुनरुत्थान न मानणारे यहूदी, येशूला कोड्यात टाकायला येतात. सात भावांनी एकामागून एक एकाच बाईशी लग्न केलं, तर पुनरुत्थानात ती कुणाची बायको? येशू म्हणतो, मेलेल्यांतून उठल्यावर लग्न करत नाहीत आणि करूनही देत नाहीत. चाळीस वर्षं शास्त्रवाचन केलेल्या माणसाला हे पाठ असणार. "तुझी आई भेटायची नाही मला" यामागे कशावरून हेच वचन नसेल? तुम्हाला वाटतंय त्यांचा देवावरचा विश्वास गेला, आणि ते कदाचित यावर झुरत असतील की देव असला, पुनरुत्थान झालं, तरी ती आता माझी म्हणून नसणार. हा माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल. पण विचारल्याशिवाय कळणार कसं? तुम्ही दोघं वीस वर्षं इतके बोललात, त्यात हा प्रश्न निघाला नसेल.

तुम्ही विश्वास सोडला असलात तरी मराठीत आपला सगळ्यांचाच एक घोटाळा होतो, तो इथे निस्तरते. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. पण "आत्मा अमर आहे, तो वर जातो" हेही पुनरुत्थान नव्हे, जरी अंत्यविधीला बोलताना बहुतेक जण तेच बोलतात. शब्दात आहे तेवढंच आहे, पुन्हा उठणं. झोपलेला उठतो तसं. म्हणून आपल्या शास्त्रात मेलेल्यांना महानिद्रा घेणारे म्हटलंय. उठणार ते अख्खं माणूस, देहासकट. देह कसला, हे मात्र पौल सांगत नाही. तो बियाण्याचा दाखला देतो: पेरतो ते बी, उगवतं ते रोप. बी बघून रोप कसं असेल ते सांगता येत नाही, आणि तरी ते त्याच बियाचं असतं. ऑगस्टिन या धर्मपंडितानं जवळपास चारशे वर्षांनी बसून कापलेल्या केसांचं आणि नखांचं काय होणार याचा खल केला. तो वाचताना मला नेहमी हसू येतं आणि थोडी मायाही वाटते. पौलानं त्या वाटेला न जाऊन शहाणपणा केला.

आई भेटेल का, हा प्रश्न मात्र अगदी जुना आहे. पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र साधारण ५० सालचं, आपल्या हातात असलेलं बहुधा सर्वांत जुनं ख्रिस्ती लिखाण. त्या लोकांना काळजी पडली होती ती हीच. प्रभू येण्याआधीच आमची माणसं गेली, आता त्यांचं काय, ती मागे राहणार का? चौथ्या अध्यायात पौल उत्तर देतो. तो "दुःख करू नका" म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं करू नका, म्हणतो. बाबांना वाटत असेल की या वयात, इतकी वर्षं शास्त्र हाताळून, असली शंका येणं ही नामुष्की आहे. त्यांना हा अध्याय वाचून दाखवा. आपल्या धर्माच्या पहिल्या कागदातच त्यांचा प्रश्न आहे.

येशूचा शिष्य थोमा, त्याचंही सांगा त्यांना, पण नेहमीच्या तऱ्हेनं नाही. त्याला आपण शंकेखोर ठरवून मोकळे झालो. प्रत्यक्षात त्यानं बाकीच्यांपेक्षा फारसं जास्त काही मागितलं नव्हतं. तो नव्हता त्या संध्याकाळी इतरांना येशूनं हात आणि कूस दाखवली होती, थोमानं जवळजवळ तेवढंच स्वतःसाठी मागितलं. मला त्या गोष्टीत वेगळंच एक आवडतं. त्याच्या "मी मुळीच विश्वास ठेवणार नाही"नंतर आठ दिवस गेले, आणि आठ दिवसांनी तो त्यांच्याबरोबरच त्या घरात होता. त्यांनी त्याला हाकललं नाही, तो उठून गेला नाही. त्या आठ दिवसांत काय बोलणं झालं, योहान एक शब्द लिहीत नाही. मत्तयाच्या शेवटी तर डोंगरावर खुद्द उठलेला प्रभू समोर असताना काहींना संशय वाटला, असं सरळ लिहिलंय. आणि मार्काच्या सर्वांत जुन्या संपूर्ण प्रती, चौथ्या शतकातल्या, सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतात: बाया थरथरत कबरेपासून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. पुढची वचनं नंतर जोडलेली आहेत. बाबा भ्याले असतील तर ते चांगल्या सोबतीत आहेत.

आणखी एक सोबत. बाळ येशूची संत तेरेजा, फ्रान्समधली एक तरुण मठवासिनी. १८९६ च्या ईस्टरच्या सुमाराला तिच्या खोकल्यातून रक्त पडलं, आणि त्याच दिवसांत स्वर्ग आहे ही तिची लहानपणापासूनची खात्री विझली. पुढचं दीड वर्ष, १८९७ च्या सप्टेंबरात चोविसाव्या वर्षी ती गेली तोवर, तो अंधार हटला नाही. तिनं तो लिहून ठेवला. तुमचे बाबा प्रॉटेस्टंट असतील तर संतांचं नाव काढल्यावर भुवया चढवतील. चढवू देत, तेवढीच जुनी रग परत दिसेल.

पाळकांबद्दल. बाबांनी नको म्हटलंय, तर त्यांच्या पाठीमागे जाऊ नका. पण नको का म्हणतायत ते उघड आहे. चाळीस वर्षं ज्या व्यासपीठावरून वाचलं, त्या व्यासपीठासमोर आता कोणत्या तोंडानं? एकदा विचारा, "मी बोलू का त्यांच्याशी, तुमचं नाव न घेता?" चांगला पाळक असेल तर तो येऊन गप्प बसेल. पुरावे घेऊन येणारा आला तर दारातूनच परत पाठवा, बाबांना पुरावे तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

डॉक्टरांनाही सांगा, आणि हे मी भरीला म्हणून लिहीत नाही. रात्री दोनची भीती नुसती धर्मशास्त्राची नसते. वेदना दबल्या नसतील, दम लागत असेल, झोप तुटत असेल, एखाद्या औषधानं किंवा जंतुसंसर्गानं रात्री घालमेल होत असेल, तर सगळेच प्रश्न मोठे होतात. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्यांचं शुश्रूषागृह, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स, स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आणि डॉक्टर, "समग्र वेदना" असं म्हणायच्या. देहाची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची वेदना वेगवेगळी काढता येत नाही. औषधानं प्रश्न सुटणार नाही, पण तो दिवसा, शांतपणे विचारता येईल. एवढंही पुष्कळ आहे.

राहिला वाचनाचा प्रश्न. वाचा. शास्त्रवाचन म्हणजे शपथ नव्हे. वाचणारा आपला आवाज उसना देतो, शब्द दुसऱ्याचे असतात, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. मतांगीकाराची गोष्ट वेगळी. तो "माझा विश्वास आहे" असा सुरू होतो. ते तुमच्यानं म्हणवत नसेल तर उभ्या राहा आणि गप्प राहा, कुणी मोजत नाही. पण पंधरावा अध्याय तुमच्या तोंडी शोभेल असाच आहे. तो लिहिलाच गेला करिंथच्या मंडळीतले काही जण "मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही" म्हणत होते म्हणून. चर्चमध्ये बसून म्हणत होते! त्यात पौल "जर"चा पाढा लावतो: जर ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ, आम्ही देवाचे खोटे साक्षीदार, सगळ्या माणसांत आम्ही अधिक केविलवाणे. वीस वर्षांत तुम्ही बाबांना याहून कठोर काही बोलला असाल असं मला वाटत नाही. ते "जर" तुम्ही वाचा, मनापासून वाचता येतील.

फक्त अंत्यविधीपर्यंत थांबू नका. अध्याय मोठा आहे, अठ्ठावन्न वचनं, एका दमात वाचायचा तर सराव लागतो. आणि घरात चाळीस वर्षांचा वाचक आहे. पुढच्या वेळी रात्री हाक आली की पवित्र शास्त्र घेऊन जा आणि म्हणा, "बाबा, झोप नाहीच येत तर मला हे शिकवा." ते अडवतील. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द उचलायचा, "पण" कुठे लांबवायचं, यावर त्यांची ठाम मतं असणार. पस्तिसाव्या वचनात कुणीतरी विचारतो, मेलेले उठतात तरी कसे, आणि कोणत्या शरीरानं? छत्तिसाव्यात पौल त्याला सरळ मूर्ख म्हणतो. ते रागावून वाचायचं की हसून, हे बाबांना नक्की विचारा.